हादग्याची सावली

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

हिरेवाडी, पो. मुरूम, ता. उमरगा
२० नोव्हेंबर १९७२

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी धाकट्या घरच्या रुद्रम्माचे शरणार्थी. अक्कांनाही शरणार्थी सांगावे. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. सोलापुरात तुमची पानाची अडत आणि तुमचा दमा, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करते.

दिवाळी आली तशी गेली. रब्बीची ज्वारी पेरली ती पाखरांनी उकरून खाल्ली, आणि पाखरांना तरी दुसरं काय होतं? सरकारी दुकानात परदेशातून आलेला, ज्वारीसारखा लाल मिलो मिळतो. त्याची भाकरी खाल्ली की दिवसभर पोटात विटेसारखी बसून राहते. निम्मं गाव नळदुर्गच्या रस्त्यावर खडी फोडायला जातं. मी जात नाही. आपल्या घरची बाई खडीवर गेली तर तुम्हाला सोलापुरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे तुम्ही मागच्या खेपेला सांगून गेलात ते लक्षात आहे.

तुम्ही विचारलंत की पानाच्या कडा यंदा जळक्या का येतात. पाऊस नाही आणि ऊन आहे, यापलीकडे मी काय सांगू? मी मळ्यात थोडीच जाते. लग्न होऊन आले त्याच दिवशी तुम्ही मला बांधावरून मळा दाखवला होता. हादग्याच्या सरळ रांगा, प्रत्येक हादग्यावर चढलेला नागवेल, आणि आत हिरवा अंधार. पानमळा सोवळा असतो, आत वहाण चालत नाही आणि बाई चालत नाही, हे तुम्ही सांगितलंत आणि तुमच्या भावाने मान हलवली. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. नियम मात्र ठणठणीत आहे.

एक विनंती होती. वेल हिरमुसलाय, पण हादगा अजून फुलतो आहे. पांढरी फुलं वाफ्यात पडून कुजतात. माझ्या माहेरी, कानडी मुलखात आळंदकडे, या झाडाला अगसे म्हणतात आणि परसात मुद्दाम लावतात. फुलातला कडू तुरा काढून टाकायचा आणि बेसन लावून परतायचं, पाल्याची डाळ घालून भाजी करायची. शेळीला, गाईला तोच पाला. माझी अव्वा ताप आला की त्याच्या सालीचा काढा द्यायची. तुमच्याकडे हादगा म्हणजे वेलाचा गडी. वेलाने त्याच्या खांद्यावर चढायचं, त्याच्या सावलीत राहायचं, आणि पाला गळेल तो वेलाच्याच बुडाशी खत म्हणून जायचा. मूठभर पाला बाहेर न्यायचा म्हटलं तर बलभीम असा बघतो की जणू मी देवळातली समई मागितली. मळा राखता राखता तो गडी म्हातारा झाला, त्याचं चुकत नाही. तुमच्या शब्दाशिवाय तो देणार नाही. तेव्हा घरच्या भाजीपुरता पाला रुद्रम्माला तोडून देत जा, एवढं एक कार्ड त्याला टाका. वाचून मी दाखवीन.

महादेवी शहाणी झाली आहे. हल्ली दिवे लागले की घराबाहेर पडत नाही. परवा हातातून घागर सुटली आणि उंबऱ्याला ठेच लागून गुडघा फुटला, पण ते वयच धांदरटपणाचं. अक्कांच्या भावाकडे तिच्यासाठी तुम्ही शब्द टाकून ठेवला आहे, त्यांना म्हणावं पोरगी सातवीत पहिल्या पाचांत आहे, काळजी नसावी.

कार्ड लवकर टाकावे.

आपल्या आज्ञेतली,
रुद्रम्मा


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

हिरेवाडी
२ फेब्रुवारी १९७३

तीर्थस्वरूप अण्णांना शरणार्थी.

मी बलभीमसाठी एक कार्ड मागितलं होतं. त्याऐवजी मलाच लांबलचक पत्र आलं. वाचलं. रागाने लिहिताना तुमचं अक्षर फार सुरेख येतं, हे मला माहीत नव्हतं.

कुणी कळवलं ते विचारणार नाही. पानाच्या टोपल्या नेणाऱ्या लॉरीबरोबर पानं जातात तशा बातम्याही जातात. बातमी खरी आहे. मी मळ्यात गेले. मागचं पत्र लिहिलं तेव्हाही जाऊन आलेली होते, परवानगी नंतर मिळाली तर मागची चूक झाकली जाईल असा हिशेब होता. तो फसला. आता सरळच लिहिते.

महादेवीला दसऱ्यापासून दिवेलागणीनंतर दिसत नव्हतं. दिवसा स्वच्छ, आणि ऊन उतरलं की भिंत चाचपडत चालायची. मला आधी वाटलं कामाला टाळते आहे. मग एका संध्याकाळी पूजेला बसलो असताना ती समोरचं भस्माचं तबक हाताने शोधायला लागली. तबक तिच्या गुडघ्याला लागून होतं, आणि ती दुसरीकडेच जमीन चाचपडत होती. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही शब्द टाकलेला, आणि आंधळ्या पोरीला कोण पत्करतं? ते धांदरटपणाचं सगळं मी रचून लिहिलं.

मुरूमला डॉक्टरकडे नेली. तो भला माणूस, डोळ्यांत बत्ती मारून म्हणाला, हे दुष्काळातल्या खाण्यामुळे आहे, शेळीचं काळीज खाऊ घाला. मी म्हटलं आम्ही लिंगायत, आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं येत नाही. मग म्हणाला माशाचं तेल द्या. मी पोरीला घेऊन उठले. परतताना एसटीत बसल्यावर अव्वा आठवली. लहानपणी आमच्या गल्लीतल्या कुणा मुलाला संध्याकाळी दिसेनासं झालं की माझी आई त्याला अगसेच्या पाल्याची भाजी रोज घालायची. महिना, दीड महिना. काळजाचं नाव तिनेही कधी काढलं नाही.

एसटीतून उतरले ती घरी न जाता मळ्यावर गेले. बलभीम वाटेत आडवा उभा.

"वैनी, आत पाऊल टाकू नगा. थोरल्या मालकानं मला राखण दिलीया."

"बलभीम, पोरीला दिसत नाही रे."

"लई वाईट झालं. पर मळा बाटला तर काय राहतंय मागं?"

"सर बाजूला, न्हायतर मला हात लावून अडव."

हात लावून अडवण्याची त्याची काय छाती? मी वहाणा बांधावर काढल्या, पदर खोचला आणि आत गेले. अण्णा, तुमचा मळा आतून फार सुंदर होता. हे म्हणायची मला आजवर संधीच मिळाली नव्हती.

रोज पदराचा ओटा भरून पाला आणला. महादेवी कंटाळून रडायची, मी पुन्हा वाढायची. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी मी चुलीपाशी होते, दिवा अजून लावला नव्हता. ती दारातून म्हणाली, "अव्वा, तुझ्या कपाळावरचं भस्म पुसलं गेलंय." चुलीवरची भाजी करपली तरी कळलं नाही मला.

तुम्ही लिहिता, बाईचं पाऊल लागून मळा विटाळला म्हणून पोरीच्या डोळ्यांवर आलं. गावातही तेच बोलतात. आधी डोळे गेले, मग मी मळ्यात गेले, आणि मी मळ्यात गेले म्हणून डोळे परत आले. एवढा सरळ क्रम उलटा लावायला माणसं कुठून बुद्धी आणतात, ते मला सांगा.

आता वस्तीतल्या बायकांचं. भिमाबाई विहिरीवर भेटली. तिची नात गुलाब, पाच-सहा वर्षांची. म्हणाली, "रुद्रम्माबाई, माझ्या गुलाबला बी अंधार पडला की काय दिसंना. काळीज कुठनं आणू? शेळ्या समद्या बाजारात गेल्या." मी तिला पाला दिला. दुसऱ्या दिवशी ती दोघींना घेऊन आली, मग आणखी आल्या. मी बांधावर उभी राहून ओट्यात पाला टाकत बसले नाही, सरळ आत बोलावल्या. माझे दोन हात किती तोडणार?

"बौद्धांच्या बाया आजोबांच्या मळ्यात" असं तुम्ही तीनदा लिहिलं आहे, तिसऱ्यांदा खाली रेघ मारून. अण्णा, तुमच्या गादीमागे बसवण्णांची तसबीर आहे, रोज सकाळी तुम्ही तिला हार घालता. त्यांनी काय केलं, काय सोसलं, ते मी तुम्हाला शिकवावं असं नाही. तुमच्याच तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि कुठली बाई कुठल्या दिवसांत आहे हे मी विचारत नाही. माझे स्वतःचे चार दिवसही मी मळ्यातच काढले.

बलभीमची अर्धशिशी उठली होती, उन्हात राखण करून. तोही डोकं धरून माझ्याच दारात आला. हादग्याच्या पाल्याचा रस त्याच्या नाकात सोडला. शिंकून शिंकून बेजार झाला आणि मग गुमान उठून गेला. आता वाटेत उभा राहत नाही, वाफ्याच्या कडेला पाठ करून बसतो. तेवढीच त्याची राखण.

वेल वाळतो आहे हे खरं आहे. विहिरीने तळ गाठला, त्याला कोण काय करणार? तुमच्या हुकमाप्रमाणे पुढच्या लागणीच्या बेण्यासाठी वेलाची पूर्वेकडची रांग राखली आहे. त्या रांगेच्या हादग्याला कुणी हात लावत नाही. बलभीमने माझ्याकडून शपथ घेतली आहे.

महादेवी शाळेत जाते. तुम्हाला शरणार्थी सांगते.

आपली,
रुद्रम्मा


॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

हिरेवाडी
१२ मे १९७३

तीर्थस्वरूप अण्णांना शरणार्थी.

बसवजयंती होऊन आठवडा झाला. पंगत नव्हती, गावाने नुसता गूळ वाटला. तुमचं पत्र त्याच दिवशी पोचलं. येत्या सोमवारी मुरूमचे लाकूडतोडे घेऊन तुम्ही येणार, वेल मेलाच आहे तेव्हा हादगा तोडून सरपणाला घालणार, आणि साखर कारखान्याचे सभासद झालाच आहात तर पाऊस पडताच मळ्याच्या जमिनीत ऊस लावणार. माझी सही लागेल म्हणून कागदही सोबत आला. तो कोरा परत पाठवते आहे. भावाच्या वाटणीला माझं नाव तलाठ्याने लावलं तेव्हा तुम्हीच शेजारी उभे होतात.

ऊस लावायला माझी ना आहे. हादगा तोडायला माझी ना आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला वाट बघावी लागणार नाही.

आता जे मागच्या दोन्ही पत्रांत लिहिलं नाही ते लिहिते. वेल पाण्यावाचून मेला नाही. विहिरीत वेलापुरतं पाणी होतं. बलभीम रोज घागरी वाहून प्रत्येक बुडाशी घालत होता, तुमच्यासमोर उभा केलात तर तो तेच सांगेल. आजवर सांगितलं नाही ते केवळ माझ्या तोंडाकडे बघून. वेल मेला तो उन्हाने. हादग्याचा पाला आम्ही ओरबाडला, सावली गेली, आणि उघडं पडलेलं पान दोन दिवसांत कागदासारखं होऊन गळालं. होणार हे मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात बलभीमने सांगितलं होतं, "वैनी, तुमी पाला न्हाय तोडत, येलाचं छप्पर काढताय." आणि ते ऐकूनही मी दुसऱ्या दिवशी गेले.

एका हातात वेल आणि एका हातात पोरांचे डोळे, असं होतं. दोन्ही राखता आलं असतं तर राखलं असतं. झाडं तीच, पाला तोच.

पूर्वेची रांग मी खरंच राखली होती. फेब्रुवारीत राखली, मार्चमध्ये राखली. कुणी बाई तिकडे वळली तर मीच ओरडायची, आणि मला माझीच चीड यायची. पाडव्यानंतरची गोष्ट. मी वेशीबाहेर शेण्या गोळा करत होते आणि खडीवरची माणसं परत येत होती. ऊन उतरलं होतं, पण चांगलं दिसत होतं अजून. बायांच्या मागून पोरं येत होती, ओळीने. मला वाटलं खेळतात. पुढच्याचा सदरा मागच्याने धरलेला, त्याचा त्याच्या मागच्याने, आणि सगळ्यांत पुढे गुलाब. वाट तेवढी तिलाच दिसत होती. बाकीची पोरं बघत होती आकाशाकडे, आणि पाय टाकत होती अंदाजाने. आपल्या आळीतली होती, वस्तीतली होती, बलभीमचा नातूही होता. एवढी पोरं आहेत हे मला माहीतच नव्हतं. पाल्यासाठी ज्यांनी दारात यायचं धाडस केलं त्यांचीच पोरं मी मोजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्वेची रांग तोडायला घेतली. बलभीम आला. या वेळी आडवा आला नाही.

"बेणं ऱ्हाणार न्हाय, वैनी. आजोबा मालकांच्या हातचं बेणं हाय."

"माहिताय."

"शपथ घेतली व्हती तुमी."

"मोडते."

त्याने नातवाचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही. पान खुडायची लोखंडी नखी अंगठ्यात घालून तो बांधावर बसून राहिला, आणि पानं गळायला लागली त्या दिवशी रडला. मोठ्याने रडला, अण्णा. मी त्याच्याशेजारी जाऊन बसले. मलाही रडू आलं, आणि ते तुमच्यासाठी होतं. लहानपणी आजोबा पहिल्या खुड्याचं पान तुमच्या हातावर ठेवायचे हे तुमच्या भावाने मला शंभरदा सांगितलं होतं. त्यांना तो मान कधी मिळाला नाही याचं त्यांना वाईट वाटायचं, पण सांगताना चेहरा फुलायचा. तुमचं काय गेलं ते मला कळतं. कळून केलं आहे.

पोरं आता खडीवरून परत येताना सुटी सुटी पळत येतात. बलभीमचा नातू सगळ्यांच्या पुढे. तीन-चार पोरांना संध्याकाळी अजून नीट दिसत नाही, त्यांना पाला चालू आहे. म्हणून हादगा हवा. तोडून तोडून नुसते सोट उभे राहिलेत, तरी वेलासाठीच्या घागरी आता त्यांच्या बुडाशी पडतात आणि आठवड्याला नवा पाला फुटतो. पाणी बायाच वाहतात. येत्या मृगाला तेच आभाळ कोरडं गेलं तर पुन्हा मिलो आणि पुन्हा तेच डोळे. तुमचा ऊस तेव्हा कुणाच्या पोटाला लागणार? विहिरीत मोजक्या घागरींपुरतं पाणी आणि तुम्ही ऊस म्हणता, हेच मला कळत नाही. पाऊस चांगला झाला तर मिरजेहून नवं बेणं आणा. हादगा उभा असला तर वेल पुन्हा चढेल. मी स्वतः बांधीन एकेक वेल, बलभीम शिकवील म्हणतो.

अक्कांच्या भावाला सगळं खरं सांगा. पोरीला दिसत नव्हतं, आता दिसतं, आणि तिची आई मळ्यात जाते. त्यांना नको असेल तर शब्द परत घ्यावा, माझी तक्रार नाही. हवं असेल तरी थांबावं लागेल. जूनमध्ये महादेवीला मी मुरूमच्या हायस्कुलात घालते आहे. एसटीने जाईल, संध्याकाळच्या गाडीने परत येईल. येऊ शकते आता.

सोमवारी या. तुमचं घर आहे, जेवायला हादग्याच्या फुलांचा झुणका करीन, शेवटची फुलं वाळवून ठेवली आहेत. पण लाकूडतोड्यांना मुरूमलाच ठेवून या. आणलेत तर मळ्यात तुम्हाला पंधरा-वीस बाया पाणी घालताना सापडतील. त्यांना बाहेर काढायचं तर तुम्हालाच सांगावं लागेल, मी सांगणार नाही. मीही त्यांच्यातच असेन.

माफी मागावी म्हणून हे पत्र लिहायला बसले होते. लिहिता लिहिता ध्यानात आलं की मला माफी नको आहे. आजोबांचा वेल मी मारला. दुष्काळाने नाही, दैवाने नाही, मी. पुन्हा तशी पोरं वाटेवर दिसली तर पुन्हा मारीन.

तुमच्या भावाची बायको आणि निम्म्या मळ्याची मालकीण,
रुद्रम्मा